तू कोण्या कॉलेजची?

उमरेडहून इतवारीला येणारी छोटी गाडी तेव्हा कोळशावर चालायची. १९७४ च्या जुलैत मी त्या गाडीने नागपूरला कॉलेजात जायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात माझं नाव पुसलं गेलं. आमच्या डब्यात मांडीवर लुगड्यांचं गाठोडं घेऊन बसणारे एक म्हातारे कोष्टी असायचे. त्यांनी विचारलं, "कोण्या कॉलेजात जातेस वं?" मी म्हटलं, "हिस्लॉप." त्यांनी मला चपलेपासून वेणीपर्यंत न्याहाळलं. "मंग? बाटली का नाई अजून?"

डबा हसला, मीही हसले. पुढची चार वर्षं त्या गाडीत मी 'हिस्लॉपची'. आणि कॉलेजात? तिथे मी 'छोट्या गाडीवाली'. केसांना खोबरेल, बाहीवर इंजिनाची काजळी, डब्यात भाकर-झुणका. सदरकडच्या मुली आपसात इंग्रजी बोलायच्या आणि मी जवळ गेले की सौजन्य म्हणून हिंदीत शिरायच्या; मराठी का नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. एका टोकाला मी हाताबाहेर गेलेली, दुसऱ्या टोकाला अगदीच गावंढळ. मधलं अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर.

पुढे एकतीस वर्षं मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की माझ्यावर आणखी एक शिक्का बसेल, आणि शिक्के मारणं हा माझा धंदाच असल्याने त्यातलं मला थोडं कळतं. ग्रंथालयात पुस्तक आलं की त्यावर दोन ठिकाणी शिक्का मारतात. एक नावाच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा आत, ठरवून ठेवलेल्या एका पानावर. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. कुणी पुढचं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी आतल्या पानावरून ते कुणाचं ते कळतं. आमचं गुप्त पान कितवं होतं, ते निवृत्त झाले तरी सांगणार नाही.

नागपुरात माणसाच्या पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का असायचा. मॉरिसचा म्हणजे पुढारी. वर्गापेक्षा फाटकापाशी जास्त सापडणारा. हिस्लॉपचा म्हणजे इंग्रजी झाडणारा, सदरच्या लिबर्टी टॉकीजमध्ये मॅटिनीला बसणारा. सायन्सचा म्हणजे जर्नल छातीशी धरून चालणारा किडा. एलएडीची म्हणजे... इथे सांगणारा मुलगा नुसता उसासा टाकायचा आणि बाकीचे समजून घ्यायचे. कॉलेज कोणतंही असो, आर्ट्सवाला म्हणजे टाइमपास. मुलगी असेल तर लग्न ठरेपर्यंतची सोय. बर्डीवरच्या चहाच्या टपरीवर अशी वर्णव्यवस्था अर्ध्या कटिंगमध्ये मांडून व्हायची.

निवृत्तीनंतर हात रिकामे झाले तेव्हा मी हे शिक्के आले कुठून ते शोधायला बसले. सुरुवात अर्थातच त्या कोष्टीबाबांच्या प्रश्नापासून केली.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. १८४६ मध्ये त्याने शाळा काढली. इंग्रजी शिकवणारी शाळा हवी, पण पोरगा घरी परत आला पाहिजे, अशी आईबापांची गोची तेव्हापासूनची. बाटण्याची भीती पोकळ नव्हती. हिस्लॉप धर्मप्रसारासाठीच आला होता आणि त्याने ते लपवलंही नाही. पण या माणसाला एक दुसरं वेड होतं. तो दगड फोडायचा. सिलेवाड्याचे वनस्पतींचे जीवाश्म, मांगलीच्या खडकातून निघालेली कवटी, नागपूरच्या मातीतले किडे, शिंपले, सगळं गोळा करून तो विलायतेला धाडायचा. एका हिरवट खनिजाला त्याच्यावरून हिस्लॉपाइट असं नाव पडलं. मला चार वर्षांत कॉलेजात बायबल कुणी दिलं नाही, पण हे दगडांचं कुणी सांगितलं असतं तर मी भूगर्भशास्त्राला गेले असते, असं आता वाटतं.

त्याचा शेवटही दगडांपायी झाला. ४ सप्टेंबर १८६३ ला तो टाकळघाटची शिळावर्तुळं उकरलेली बघायला गेला होता. मध्य प्रांताचा कारभारी रिचर्ड टेंपल याचा तळ जवळच बोरीला पडलेला होता. संध्याकाळी हिस्लॉप एकटाच घोड्यावरून परत निघाला, वाटेतल्या नाल्याला पूर आला होता. घोडा तळावर आला, स्वार आला नाही. त्याच्या टिपणांचं बाड टेंपलने संपादून १८६६ मध्ये छापलं. त्या बाडाकडे मी पुन्हा येणार आहे. कॉलेजच्या रस्त्याचं नाव टेंपल रोड. नवी पोरं तिथे देऊळ शोधतात. मला मात्र त्या पाटीपाशी दरवेळी तो रिकामा घोडा आठवतो.

त्याच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ मध्ये, तो गेल्यावर वीस वर्षांनी. तेव्हा नागपूरला विद्यापीठ नव्हतं. परीक्षा आधी कलकत्त्याच्या, नंतर अलाहाबादच्या. आता 'बाटली का' या प्रश्नाचं उत्तर पाहू. माधव सदाशिव गोळवलकर, संघाचे दुसरे सरसंघचालक, बनारसला जाण्याआधी याच मिशनरी कॉलेजात शिकत होते. आणि याच कॉलेजचे प्राचार्य डेव्हिड मोझेस १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या सहा अध्यक्षांपैकी एक म्हणून निवडले गेले. एकाच इमानाची दोन माणसं या फाटकातून निघाली असं कुणी म्हणणार नाही. कोष्टीबाबांना हे सांगायला हवं होतं. पण १९७४ मध्ये मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त इतकं ठाऊक होतं की इंग्रजीच्या तासाला बाई माझ्याकडे पाहतील म्हणून मी खांबामागे बसते.

मॉरिसची गोष्ट वेगळी. ते कॉलेज १८८५ चं, दोनच वर्षांपूर्वी पायउतार झालेले चीफ कमिशनर जॉन मॉरिस यांच्या नावाने. आज कागदोपत्री ते वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे, पण रिक्षावाल्याला हे नाव सांगून बघा. तो म्हणेल, "मॉरिस म्हणा ना मॅडम." इथे मला कबूल करावं लागतं की पुढाऱ्याचा शिक्का बराचसा खराच निघाला. लोकनायक बापूजी अणे तिथले. बाळासाहेब देवरस तिथले. विद्याचरण शुक्ल तिथले. स्वतः वसंतराव नाईक तिथलेच. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेल्या विद्यार्थ्याचं नाव कॉलेजला मिळालं, याहून पुढारीपणा तो कोणता? मोहम्मद हिदायतुल्ला १९२६ मध्ये तिथून बी.ए. झाले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांना पुढारी म्हणवत नाही, पण राष्ट्रपतीपदाचा कार्यभारही त्यांनी काही काळ सांभाळला, तेव्हा मॉरिसवाले त्यांनाही यादीत ओढतात.

यामागे एक कारण मात्र टपरीवर कुणी बोलत नाही. विधानभवन कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर आहे. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, पुढे महाराष्ट्र झाल्यावर नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन पदरात पडलं. आणि त्या अधिवेशनावर येणारे मोर्चे पोलिस कुठे अडवतात, तर मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला. डिसेंबरात वर्गाच्या खिडकीतून अंगणवाडीताई दिसणार, कापूस उत्पादक दिसणार, विनाअनुदानित शिक्षक दिसणार. पोरगा पुढारी व्हायला कुठे जात नाही, मोर्चाच त्याच्या दारात येऊन बसतो.

आणि त्याच कॉलेजात, त्याच गोंगाटात, वासुदेव विष्णु मिराशी संस्कृत शिकवत होते आणि वाकाटकांचे ताम्रपट वाचत होते. कुसुमावती देशपांडे इंग्रजी शिकवत होत्या; १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, तो मान मिळालेल्या पहिल्या बाई. कवी ग्रेस मराठी शिकवत होते. पारव्यासारख्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले महेश एलकुंचवार तिथे शिकले. यातलं कोण फाटकापाशी घोषणा देत उभं असेल, असं मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही.

१९३८ चं एक प्रकरण मला या सगळ्यांत मोठं वाटतं. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुलांनी 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. मराठवाड्यातली, तेलंगणातली पोरं, हातात ट्रंक, आणि दाखल्यावर एकच शिक्का: बेशिस्त. असा दाखला पाहून कोणतं विद्यापीठ दार उघडेल? नागपूरने उघडलं. कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिले. आमचं विद्यापीठ तेव्हा अवघं पंधरा वर्षांचं. ४ ऑगस्ट १९२३ ला सहा कॉलेजं आणि नऊशेच्या आसपास विद्यार्थी घेऊन ते सुरू झालं होतं. त्याच चळवळीत सापडलेले पी. व्ही. नरसिंह राव पुढे कायदा शिकायला नागपूरलाच आले. आपल्या शहराची बढाई मी सहसा मारत नाही, संत्र्याचीसुद्धा नाही. ही मारते.

आता एलएडी. हे तीन अक्षरांचं नाव उच्चारताना तिथल्या कित्येक मुलींनाही ठाऊक नसतं की ती लेडी अमृतबाई डागा या नावाची आद्याक्षरं आहेत. मुलींचं हे कॉलेज १९३२ मध्ये निघालं. माझ्या सासूबाई तिथल्या, पन्नासच्या दशकातल्या. त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत 'विमेन्स कॉलेज'च असायचं. एलएडी म्हणजे फॅशन, असं मी एकदा त्यांच्यासमोर गमतीने म्हटलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "दोन लुगडी होती मला. एक अंगावर, एक दांडीवर. इस्त्री नव्हती, म्हणून रात्री घडी करून उशाखाली ठेवायची. सकाळी कडक. त्याला फॅशन म्हणत असतील तर करत होते बाप्पा." मग थोडं थांबून, "आमच्या वर्गातल्या एकीचं तर लग्न मोडलं. मुलगी कॉलेजात जाते म्हणून." टपरीवरच्या उसाशाच्या आधी किती वर्षं लोक कॉलेजातल्या मुलीकडे वेगळ्याच डोळ्यांनी पाहत होते, ते त्या दिवशी कळलं.

राहिला आर्ट्सवाला. टाइमपास हा शिक्का मी एकतीस वर्षं टेबलामागून तपासला आहे, कारण देवघेवीचं रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. कॉमर्सची पोरं कविता न्यायची आणि नावापुढे विषय लिहिताना लाजायची. आर्ट्सची पोरं स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं न्यायची आणि कविता परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. रिकामटेकडे नव्हते का? होते. भरपूर. पंख्याखालची जागा धरून झोपणारे, महाराजबागेत दिवस घालवून चारला हजेरीची चौकशी करणारे. सत्तरच्या सुमाराला, नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या एलकुंचवारांनी 'होळी' हे नाटक लिहिलं ते अशाच पोरांवर. सुट्टी नाकारली म्हणून बिथरलेलं वसतिगृह, आणि संध्याकाळपर्यंत त्यातला एक जीव जातो. १९८४ मध्ये केतन मेहतांनी त्यावर सिनेमा काढला. तो पाहून आलेला माझा एक सहकारी म्हणाला, "पाहिलं? अशीच असतात आर्ट्सवाली." मला मात्र त्यात दिवसभर कुणीच काही देत नाही अशी पोरं दिसली होती, ना काम, ना ऐकून घेणं. आमचं त्यावर बरंच वाजलं. तो भौतिकशास्त्राचा होता, हे इथे सांगितलं तर शिक्का मारल्यासारखं होईल, तरी सांगते.

परदेशातही हे असतंच म्हणे. अमेरिकेत ओबर्लिन नावाचं छोटं कॉलेज आहे, तिथली मुलं जरा अतीच सुधारक अशी त्यांची ख्याती. माझी भाची तिकडे शिकते, तिने हसत सांगितलं. मी शोधलं तर १८३५ मध्येच त्यांनी कृष्णवर्णीयांना आणि दोन वर्षांत मुलींना पदवीच्या वर्गात घेतलेलं. म्हणजे त्यांच्या शिक्क्याखाली निदान शाई जुनी आणि खरी आहे. आमच्याकडे तसं सगळ्याच शिक्क्यांबद्दल म्हणता येत नाही.

एक शिक्का टपरीवर मोठ्याने उच्चारला जात नसे. १९५६ मध्ये ज्या जागी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथे १९६४ मध्ये डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभं राहिलं. तिथल्या मुलांबद्दल, आणि मग सगळ्याच कॉलेजांतल्या दलित-आदिवासी मुलांबद्दल, स्टाफरूममध्ये आवाज खाली आणून म्हटलं जायचं, "स्कॉलरशिपसाठी आलेत." ही शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. ती घेऊन शिकायला येणं यात वावगं काय, हे विचारायचं मला अनेकदा सुचलं आणि मी विचारलं नाही. उलट तो शिक्का मी स्वतः वापरला. ते सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धानोऱ्याकडचा, गडचिरोली जिल्ह्यातला एक मुलगा बी.ए.ला होता. रोज अकराला यायचा, वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसायचा. पुस्तक कधी नेलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं: शिष्यवृत्ती जमा होईपर्यंतचा पाहुणा. दुसऱ्या वर्षी एक दिवस तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी मान वर न करता म्हटलं, "कालचे पेपर तिकडे रॅकवर."

"पेपर नाही मॅडम. आमच्या गोंड लोकांवर काही आहे का? जुनं. मोठं."

"मग इतके दिवस मागितलं का नाहीस?"

"कार्ड नव्हतं. अनामत भरायची होती. आता भरली."

अनामत पन्नास रुपये होती. ती माझ्याच सहीने ठरली होती.

आमच्याकडे हिस्लॉपच्या त्या बाडाची, टेंपलने छापलेल्या पुस्तकाची, झेरॉक्स करून बांधलेली प्रत होती. कुणीच नेत नसे. त्यात गोंडांच्या भाटांकडून, परधानांकडून, ऐकून उतरवलेलं लिंगोचं गीत आहे: गुहेत कोंडलेले गोंड आणि त्यांना सोडवणारा लिंगो. मूळ गोंडी रोमन लिपीत, त्याचा इंग्रजी अर्थ सोबत. बाटवायला आलेला म्हणून ज्याचं नाव नागपूरने लक्षात ठेवलं, त्याने गोंडांच्या देवाचं गाणं कागदावर आणून ठेवलं होतं. ते पुस्तक मी त्या मुलापुढे ठेवलं. ते बाहेर न्यायला परवानगी नव्हती. तो शब्दकोश शेजारी घेऊन रोज दोन-दोन पानं वाचायचा. ओठ हलायचे. मग एका वाक्यापाशी थांबून तेच पुन्हा, थोड्या वेगळ्या तऱ्हेने म्हणायचा.

तीन आठवड्यांनी येऊन म्हणाला, "मॅडम, हा साहेब ऐकायला चुकला. आमची आजी असं म्हणत नाही."

साहेब चुकलाच असेल असं नाही. धानोऱ्याकडची गोंडी वेगळी, नागपूर-छिंदवाड्याकडची वेगळी. मी तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. "मग खाली लिहायला पाहिजे होतं ना, कुठली ते," म्हणाला.

संध्याकाळी पुस्तक जागेवर ठेवताना मी उघडलं. सहा-सात पानांच्या समासात, बारीक पेन्सिलीने, देवनागरीत त्याने आजीचे शब्द लिहून ठेवले होते. शेजारी गावाचं नाव. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिलं तर दंड, हा नियम भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला होता. मी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं. शिपाई दिवे बंद करत एका टोकाकडून येत होता. खोडरबर मी परत ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पुस्तक त्याच्या जागी लावलं.